वॉर्डातल्या दाढ्या

४ फेब्रुवारी

बारके,

फोनवर तुझ्याशी धड बोलताच येत नाही. आप्पांना ऐकू कमी येतं, शेजारी असले की "स्पीकर लाव, स्पीकर लाव" करतात आणि मग तू, मी आणि सासरे असं तिघांचं संमेलन भरतं. म्हणून आजपासून पुन्हा कागद. तू हॉस्टेलला असताना लिहायचे तशी पत्रं.

आप्पांच्या पायाचं हाड छान बसलं म्हणे. पण ऑपरेशनची जखम पिकली, म्हणून मुक्काम वाढला. सलाइनमधून जालीम औषधं चालू आहेत. मधे दोन दिवस पोट चांगलंच बिघडलं होतं. तपासायला नमुना घेतला, पण डॉक्टर म्हणाले, औषधांनी होतं असं. थांबलं आपोआप. आता ठणठणीत आहेत, नुसते कंटाळले आहेत. तुझ्या वडिलांना कंटाळा आला की काय होतं ते तुला सांगायला नको. जेवणावर टीका झाली, सिस्टरच्या केसांवर टीका झाली, शेवटी मला म्हणाले, "सूनबाई, दुकानातून माझी पेटी आण. या माणसांची तोंडं बघवत नाहीत."

नेली पेटी. वाटलं, स्वतःची दाढी करतील आणि गप्प बसतील. कसलं काय! पहिल्या दिवशी शेजारच्या खाटेवरचे मास्तर. शाळेतून निवृत्त झालेत, हनुवटीला खोल खळी आहे, तिथे स्वतःला कधी नीट जमत नाही म्हणे. आप्पांनी ती खळी अशी साफ केली की मास्तर आरसा सोडेनात. मग पलीकडचा शिंपी. मग सगळी ओळच. आप्पा खाटेवर बसल्या बसल्या, गिऱ्हाईक चाकांच्या खुर्चीत. वॉर्डात हशा चालू असतो. मुख्य सिस्टर आली की तोंड दुसरीकडे फिरवते, कारण तिलाही ही माणसं हसताना बरी वाटतात. साफसफाईच्या मावशी तेवढ्या ओरडतात, "आप्पा, केस पाडले तर झाडू तुमच्या हातात देईन." आणि स्वतःच झाडून नेतात.

एकच माणूस हाती लागत नाही. कोपऱ्यातला दाढीवाला. छातीपर्यंत दाढी आहे. आप्पा रोज त्याला म्हणतात, "बसा एकदा खुर्चीत, दहा वर्षांनी तरुण करतो." तो म्हणतो, "मग बायको ओळखणार नाही." रोज तेच, आणि रोज दोघे हसतात.

स्वच्छतेची काळजी नको. आप्पा प्रत्येकाला नवं पातं लावतात, त्यांचा नियम आहे तो. वाटी, ब्रश मी पुसते आणि भिंतीवरच्या बाटलीतलं जेल चोळते. चालतं ना गं? तू त्यातली आहेस म्हणून विचारते.

आणि आप्पा विचारतात, ही पोरगी प्रयोगशाळेत नक्की करते काय? त्यांना समजेल असं लिही. मलाही समजेल तेवढ्याने.

तुझी वहिनी

---

९ फेब्रुवारी

वहिनी,

पत्र वाचून इतकी हसले की शेजारच्या टेबलावरचा माणूस सूक्ष्मदर्शकातून मान वर काढून बघायला लागला. चाकांच्या खुर्चीतलं सलून! आप्पांना सांग, पुढच्या वेळी मुख्य सिस्टरचेही केस कापा.

जेलचं विचारतेस? चालतं काय, पळतं! चोळत राहा.

आता माझ्या कामाचं. आप्पांना असं सांग. माणसाच्या आतड्यात जंतूंची मोठी वस्ती असते, बहुतेक सगळे आपले, कामाचे. त्यात कधी कधी एक दांडगट येऊन राहतो. एरवी गर्दीत त्याला कोण विचारतं, गप्प असतो. पण दवाखान्यात जालीम औषधं दिली की बाकीची वस्ती मरते, हा मात्र टिकतो. मग त्याला मोकळं रान. तो विष सोडतो आणि आतडं सोलवटून निघतं. साधे जुलाब ते थेट मरण, काहीही होऊ शकतं.

हे विष कधी आणि किती सोडायचं, ते त्याच्या अंगातले काही जीन ठरवतात. त्यातला एक ब्रेकसारखा आहे. विषावर पाय दाबून बसतो. मी वेगवेगळ्या दवाखान्यांतून आलेले हे जंतू वाढवते आणि त्यांचा ब्रेक वाचते. काहींचा धड असतो. काहींच्यात मधली अक्षरंच गळालेली असतात, ब्रेक मोडलेला. मग वाटावं की मोडका तो जहाल आणि धड तो सौम्य. पुस्तकात तसं सोपं आहे. प्रत्यक्षात मोडक्या ब्रेकवाला जंतू घेऊन हिंडणारी धडधाकट माणसंही सापडतात. का, ते कळत नाही, आणि ते कळावं म्हणून मला पगार मिळतो.

दादाला सांग, दुकान सांभाळतोयस तर आरसेही पुसत जा. बस येईल आता, पुरे करते.

बारकी

---

२१ फेब्रुवारी

बारके,

आप्पा घरी आले! काठी घेऊन घरभर ठक ठक चालू आहे. आल्या आल्या स्वयंपाकघरातल्या डब्यांची जागा बदलली. म्हणजे बरे आहेत.

पण निघताना वॉर्डात बरं वाटलं नाही. मास्तरांना जुलाब लागलेत. साधे नाहीत गं, उठायलाही वेळ मिळत नाही असे. माणूस चार दिवसांत सुकून गेला. शिंप्यालाही तेच. आणखी दोघांनाही. खाटांभोवती पडदे ओढलेत, सिस्टर प्लास्टिकचे झगे घालून फिरते, कोणी हसत नाही. निघताना आप्पा मास्तरांच्या पडद्याशी गेले आणि म्हणाले, "बरे व्हा, खळी वाट बघतेय."

आप्पांना त्यांना भेटायला जायचंय. पेटी घेऊन. म्हणतात, आजारी माणसाची दाढी वाढली की तो आणखी आजारी दिसतो. नेऊ का? तू सांगितलंस तर ऐकतील. फोनवर विचारत नाही, कारण मला हे त्यांच्यासमोर बोलायचं नाही. मागच्या पत्रातला तुझा दांडगट माझ्या डोक्यातून जात नाहीये.

वहिनी

---

२६ फेब्रुवारी

वहिनी,

आप्पांना मुळीच नेऊ नकोस. काठीचं कारण सांग, जिन्याचं सांग, काहीही सांग.

तुमच्या दवाखान्याचे नमुने आमच्याकडे आलेत. डब्यांवर नावं नसतात, फक्त आकडे, वय आणि तारीख. तोच जंतू आहे. आज सकाळी त्याचा ब्रेक वाचला. मोडलेला आहे, आणि सगळ्या नमुन्यांत नेमक्या एकाच ठिकाणी मोडलेला. म्हणजे हे सगळे जंतू एकाच घराण्यातले. कोणीतरी, काहीतरी, त्याला खाटेवरून खाटेवर नेतंय. हे मी तुला लिहायला नको, माझी नोकरी जाईल. वाच आणि फाडून टाक.

घरी एवढं कर. आप्पांचा संडास ब्लीचने धू. हात साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली. हा जंतू अंगावर कवच घालून बसतो, सुकला तरी महिनोन्महिने जगतो.

आता मला सांग, तू इतके दिवस तिथे बसून होतीस. त्या ओळीतल्या सगळ्या माणसांपर्यंत कोण पोचायचं? माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस येतं, साफसफाईच्या मावशी. शौचाची भांडी त्या उचलतात, चादरी त्या बदलतात. हात धुतात का नीट? आठवून लिही. माझे साहेब तिथल्या चौकशी समितीत आहेत, त्यांनाही तेच वाटतंय.

बारकी

---

३ मार्च

बारके,

मास्तर गेले.

मी डबा परत आणायला म्हणून वॉर्डात गेले होते, तेव्हा खाट मोकळी होती आणि गादी उन्हात काढलेली होती. त्यांच्या बायको जिन्यात बसल्या होत्या. मला ओळखलं त्यांनी. म्हणाल्या, "तुमच्या सासऱ्यांना सांगा, ह्यांना त्यांच्या हातची दाढी फार आवडायची." मी मान हलवली आणि निघाले.

घरी आप्पांनी विचारलं, "मास्तर कसे आहेत?" मी म्हटलं, "घरी गेले." ते म्हणाले, "चला, सुटले." आणि खूश होऊन पेपर वाचायला बसले.

मावशींचं विचारलंस. काय सांगू? बाई चांगली आहे. पण एकटी किती करणार, घाईत असते खरी. हातमोजे सगळ्या वेळी घालतेच असं नाही. तुझ्या साहेबांना तसं वाटत असेल तर असेलही. आणखी कोणी सगळ्यांपर्यंत पोचत होतं असं मला तरी आठवत नाही.

ब्लीचने धुतला संडास. माझ्या हातांची सालं निघाली आहेत.

वहिनी

---

१२ मार्च

वहिनी,

बसून वाच.

जंतूची वाढ होताना त्याच्या जीनमधलं एखादं अक्षर आपोआप बदलतं. असे बदल मोजून कोण कोणाच्या आधीचा ते लावता येतं, वंशावळ लावावी तसं. मी लावली. सगळ्यांच्या मुळाशी एक नमुना आहे. पुरुष, आप्पांचंच वय, आणि तारीख आप्पांचं पोट बिघडलं त्याच दिवसांची. दुसरं कोणी असूच शकत नाही. बाकी सगळे त्यांच्यापासून निघालेले आहेत. वय आणि तारखेवरून, मास्तर थेट त्यांच्याखाली.

मी उठून बाहेर गेले आणि पायऱ्यांवर बसून रडले. मग विचार केला, यात आप्पांचा काय दोष? त्यांना तरी कुठे ठाऊक होतं? त्यांच्या पोटात होता, दुसऱ्या कोणाच्या तरी हातांनी तो पसरला. खरं सांगते, हे मनात आल्यावर मला हायसं वाटलं. मास्तर, शिंपी आणि आणखी एक असे तिघं मेल्यावर माणसाला हायसं वाटतं, बघ.

मावशींना कामावरून कमी केलंय. समितीने ठरवलं. साहेबांनी सही केली.

पण एक गोष्ट जुळत नाही आणि ती मला झोपू देत नाही. मावशी शेजारचा बायकांचा वॉर्डही साफ करायच्या. तिथे एकही बाई आजारी पडली नाही. आणि साहेब सांगतात, तो शिंपी तर स्वतःच्या पायांनी संडासला जायचा, त्याचं भांडं मावशींनी कधी उचललंच नाही. तरी तो गेला. मग त्याच्या तोंडापर्यंत हे पोचलं कसं? तुला काही सुचतं का?

आप्पांना यातलं अवाक्षर कळू देऊ नकोस.

बारकी

---

१७ मार्च

बारके,

मावशी काल दारात आल्या होत्या. आप्पांना भेटायला. त्यांना वाटतं, आप्पांचा वॉर्डात सगळ्यांशी घरोबा होता, त्यांनी चार शब्द सांगितले तर दवाखान्यातले साहेब ऐकतील. म्हणाल्या, "मी हात धुते हो. तुम्ही बघितलंय ना? तुम्ही तर रोज तिथे होता." माझ्याकडे बघून म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं, आप्पा झोपलेत. आतून काठीची ठक ठक ऐकू येत होती. मावशींनी ती ऐकली. गेल्या.

आता मला लिहू दे, मधे थांबले तर पुन्हा लिहिणार नाही.

तू विचारलंस, तोंडापर्यंत कसं पोचलं. मला पहिल्यापासून ठाऊक आहे. मास्तरांच्या खाटेवरची गादी बघितली त्या दिवसापासून. बायकांच्या वॉर्डात कोणी आजारी पडलं नाही, कारण बायकांना दाढी नसते. त्या अख्ख्या ओळीतून एकच माणूस धडधाकट घरी गेला. तो कोपऱ्यातला दाढीवाला.

ब्रश, बारके. पातं प्रत्येकाला नवं होतं. ब्रश एकच होता आणि वाटी एकच. आप्पांच्या हातांतून ब्रशला आणि ब्रशवरून सगळ्यांच्या ओठांवर. फेस तर तोंडात जातोच. आणि पेटी मी नेली. ब्रश मी धरून उभी राहायचे. मीच फेस करून द्यायचे.

मी तुला लिहिलं, दुसरं कोणी आठवत नाही. मावशींच्या पोटावर पाय आला तो माझ्या एका ओळीमुळे, आणि ती ओळ मी आप्पांसाठी लिहिली असं मी स्वतःला सांगत होते. आप्पांसाठी नाही. माझ्यासाठी लिहिली.

पण तुलाही सोडणार नाही. मी विचारलं होतं, जेल चोळते, चालतं ना? तू लिहिलंस, "चालतं काय, पळतं!" माझ्याकडे आहे ते पत्र. तुझ्या विषयातला जंतू, तुझा बाप, तुझं शिक्षण, आणि तू बस पकडत होतीस.

रागावले आहे. घाबरलेही आहे. काय करू सांग. आप्पांना कळलं तर ते जगायचे नाहीत. सगळा जन्म त्यांनी लोकांच्या तोंडावरून हात फिरवण्यात घालवला, आणि आता हे.

वहिनी

---

२२ मार्च

वहिनी,

तुझं पहिलं पत्र माझ्याच टेबलाच्या खणात होतं. त्यात सगळं लिहिलेलं आहे. सगळी ओळ, एक दाढीवाला, एक ब्रश. मी ते वाचून हसले, खणात टाकलं, आणि मग महिनाभर एका बाईच्या हातांचा संशय घेत बसले. तू लपवलंस असं म्हणतेस. तू लपवण्याआधी मला सांगून झालं होतं. मलाच दिसलं नाही, कारण माझ्या डोळ्यांसमोर आप्पा दाढी करताना आले की ते दुकानात दिसतात, मी आरशाखाली बसून गृहपाठ करतेय असे. जंतू तिथे नसतातच.

जेलने हा मरत नाही. कवचाला त्याने काही होत नाही. साबणपाण्याने धुऊन काढावा लागतो, नाहीतर ब्लीच. हे मी शिकाऊ मुलांना पहिल्या दिवशी शिकवते. तुला मात्र "पळतं" लिहिलं. रागाव, कमी रागावली आहेस.

आता काय करायचं ते. साहेबांना आज सांगितलं की पहिला रुग्ण माझे वडील आहेत आणि मी हे लपवलं. या कामातून मला काढलंय, पुढचं नंतर ठरेल. पण मावशींना परत घ्यायचं असेल तर नुसतं माझं बोलणं पुरत नाही, ब्रश तपासावा लागेल. तो माझ्याऐवजी दुसरी बाई तपासेल. तू हातमोजे घाल, ब्रश आणि वाटी दोन पिशव्यांत बांध आणि पाठव. आप्पांना काहीतरी थाप मार. ब्रशची मूठ ढिली झाली, बसवून आणते म्हण. अहवालात नाव येणार नाही. "दाढीचं सामायिक सामान" एवढंच लिहितात.

तू विचारणार नाहीस, पण मी स्वतःला विचारतेय. आप्पांच्या पोटात तोच जंतू होता, ब्रेक मोडलेला तोच. त्यांचं दोन दिवसांत थांबलं आणि मास्तर गेले. का? मी इतकी वर्षं हेच वाचतेय, आणि मला ठाऊक नाही. आप्पांना कधी काही सांगावं लागलं तर याचं उत्तर तरी हातात असावं असं वाटत होतं.

त्यांना मात्र सांगू नकोस. तू बरोबर आहेस, ते सहन करू शकणार नाहीत.

बारकी

---

३० मार्च

बारके,

सामान पाठवलं. मिळालं की कळव.

मी म्हटलं, "आप्पा, ब्रशची मूठ ढिली झालीय, बसवून आणते." ते म्हणाले, "मूठ मीच बसवली होती, दवाखान्यात जायच्या आधी." मी म्हटलं, "पुन्हा ढिली झाली." त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. मी मूर्खासारखी हातमोजे घालूनच समोर उभी होते. पेटी पुढे सरकवली. पाती काढून घेतली नाहीत, कंगवा काढून घेतला नाही, सगळी पेटीच सरकवली.

काल सकाळी काठी घेऊन एकटेच बाहेर गेले. जेवायच्या वेळेपर्यंत आले नाहीत. तुझा दादा शोधायला निघणार तेवढ्यात रिक्षातून उतरले. कुठे गेला होतात विचारलं तर म्हणाले, "पाय मोकळे करायला." रिक्षातून! आणि जेवले नाहीत.

मला भीती वाटते. फोनही नको म्हणतात. तू केलास की उठून दुसऱ्या खोलीत जातात. स्पीकर लाव म्हणत नाहीत.

वहिनी

---

९ एप्रिल

वहिनी,

सापडला. वाटीत नाही. ब्रशच्या केसांच्या बुडाशी, मुठीत जिथे ते रोवलेले असतात तिथे. जिवंत. तोच मोडलेला ब्रेक.

मावशींना बोलावलंय परत, सोमवारपासून. पण साहेबांनी एक विचित्र गोष्ट सांगितली. म्हणे आमचा अहवाल पोचायच्या आधीच दवाखान्याने मावशींचा निर्णय मागे घेतला होता. एक म्हातारा काठी टेकत आला, मुख्य सिस्टरच्या टेबलासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "त्या बाईला परत घ्या. ते माझ्या हातांनी झालं." त्याला बसायला खुर्ची दिली. चाकांची होती. त्यात तो बसला नाही.

तू सांगितलंस का त्यांना? मला राग येणार नाही. फक्त सांग.

बारकी

---

१४ एप्रिल

चि. बारकीस,

तुझं पत्र या वेळी मी उघडलं. सूनबाई बाजारात गेली होती. तिला सांगून टाकलं, ती आधी रडली, मग तुझी जुनी पत्रंही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, तुम्हीच उत्तर लिहा. माझं अक्षर तुला ठाऊक आहे, सांभाळून घे.

तिने मला काही सांगितलं नाही. तुम्हाला दोघींना वाटतं मी बहिरा आहे म्हणजे आंधळाही आहे. ज्या दोघी फोनवर तासन्‌तास बोलायच्या त्या अचानक कागदावर बोलायला लागल्या, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. मावशी दारात आली तेव्हा मी आतल्या दाराच्या मागेच होतो. तिचं बोलणं ऐकलं. मग सून हातमोजे घालून माझा ब्रश मागते. एवढं झाल्यावर आणखी काय कळायचं राहिलं? बसून एकेकाचं तोंड आठवलं. ज्याचं ज्याचं तोंड मी धरलं होतं, तो तो जुलाबाने आडवा झाला, आणि सगळ्यांच्या आधी पोट बिघडलं होतं ते माझं. दाढीवाला तेवढा सुटला.

दवाखान्यात गेलो होतो, ते तुला कळलंय. तिथे कळलं की मास्तर घरी गेले नव्हते. सिस्टरकडून पत्ता घेतला आणि तशीच रिक्षा त्यांच्या घराकडे वळवली. मास्तरांच्या बायकोने मला आत बोलावलं, पाणी दिलं. म्हणाल्या, "ह्यांनी तुमचं फार नाव काढलं हो. शेवटी शेवटी सारखे हनुवटीवरून हात फिरवायचे." मी पाणी प्यालो नाही. आधी सांगून टाकलं. ब्रशचं, माझ्या पोटाचं, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. पेला उचलून आत ठेवला. मी उठलो तेव्हा दारापर्यंत आल्या आणि माझ्यामागे दार लावलं. आपटलं नाही. रोज लावतात तसंच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

तुझ्या वहिनीला बोलू नकोस. तिने मला ब्रश धरून दिला, तो मी मागितला म्हणून. तू लिहिलंस, जेल पळतं, तेही मनावर घेऊ नकोस. मी पन्नास वर्षं पातं बदललं आणि ब्रश नुसता झटकला. दुकानातही. मला कोणी विचारलं नाही, मीही कोणाला विचारलं नाही. तुझ्या दादाला सांगितलंय, उद्यापासून दुकानात ब्रश बंद, फेस ट्यूबमधला आणि हाताला साबण. तो कुरकुर करतोय, करू दे.

तो जंतू मला का सोडून गेला ते तुला कळलं तर मला कळवू नकोस. मला ते नको. बाकी कोणाच्या उपयोगाला येत असेल तर शोध.

ब्रश तपासून झाला असेल तर परत पाठवू नकोस. वाटीही नको.

काल संध्याकाळी तो दाढीवाला घर शोधत आला. लांबून आला होता, दोन बस बदलून. त्याला कोणी काही सांगितलेलं नाही. वॉर्डात हसायला मिळालं म्हणून आपण बरे झालो असं त्याला वाटतं, आणि आता काहीतरी द्यावं म्हणून आला होता. दारातच म्हणाला, "आप्पा, हरलो. बायको म्हणते, एकदा बघू तरी खाली काय आहे. आज तुमच्या खुर्चीत बसतो." आणि खरंच गळ्याभोवती पंचा गुंडाळून बसला, मान मागे टाकून, डोळे मिटून.

मी त्याचा पंचा सोडून घडी घातली आणि म्हटलं, "राहू द्या. शोभते तुम्हाला."

आप्पा